तांब्याचा वाडगा ठोकताना काठ फाटला, चूक नेमकी कुठे झाली?

ठोकाठोकी (धागालेखक)

नमस्कार मंडळी. इथे लाकूडकामाचे धागे ढिगाने आहेत, पण हाताने पत्रा ठोकणारं कुणी फारसं दिसलं नाही. म्हणून हा धागा काढतोय. असाल तर या, माझी अक्कल जरा ठिकाणावर आणा.

आमच्या गच्चीवर जिन्याच्या खोलीत सहा बाय आठची जागा आहे. तिथे माझं काहीबाही चालू असतं. आधी कुंड्यांचे स्टँड केले, मग पत्र्याचे डबे. यंदा डोक्यात आलं की एकाच सपाट तांब्याच्या पत्र्यातून, कुठेही जोड न देता, नुसत्या हातोडीने वाडगा उठवायचा. २० गेजचा पत्रा आणला (साधारण ०.९ मिमी), कर्कटकाने १० इंच व्यासाचं वर्तुळ आखलं आणि कात्रीने कापलं. चकती काट्यावर ४१० ग्रॅम भरली. साडेसहा इंच तोंडाचा, अर्ध्या नारळाच्या आकाराचा वाडगा मनात होता.

ऐरण म्हणाल तर चिंचेचा ओंडका. रस्त्यावरची छाटणी चालली होती, तिथून उचलून आणला. त्यात चार इंच रुंद आणि इंचभर खोल खळगा कोरला. चकती खळग्यावर धरायची, लाकडी मोगरीने ठोकायचं, फिरवायचं, परत ठोकायचं. पहिले दोन फेरे अगदी मजेत गेले. छोटी परात झाली म्हणून बायकोला दाखवूनही आलो. तिसऱ्या फेऱ्यात काठाला चुण्या पडायला लागल्या, साडीच्या निऱ्या असतात ना, तशा. त्या लोखंडावर ठेवून हातोडीने दाबून बसवल्या. चौथ्या फेऱ्यात एका चुणीवर ठोका पडला आणि आवाज एकदम फुटका आला. बघतो तर काठापासून आत १४ मिमीची चीर.

ताव (म्हणजे पत्रा तापवून नरम करणं) मी सुरुवातीला एकदाच दिला होता. पुढे दिला नाही, त्याचं कारण सांगतो. लहानपणी गावच्या लोहाराला कोयत्याला पाणी देताना बघितलंय. लाल करायचा, पाण्यात बुडवायचा, कोयता कडक. मला वाटलं, पत्रा पुन्हा तापवून पाण्यात घातला तर आणखीच कडक होईल.

तर प्रश्न दोन. चूक कुठे झाली? आणि हा वाडगा वाचेल का, की भंगारात द्यावा?

---

चकली

छान धागा. मला यातलं शष्प कळत नाही, पण बायकोला दाखवून आलो हे वाचून हसले. वाखु (वाचनखूण) साठवली आहे.

---

डेंटरपुत्र

दादा, चूक तुम्ही स्वतःच लिहिली आहे. चार फेरे आणि ताव एकच! तांबं काय, पत्रा कुठलाही असो, ठोकला की तो कडक होऊन बसतो. आमच्या गॅरेजात वडील म्हणायचे, "पत्रा दमला." दमलेल्या पत्र्याला आणखी मारलं तर तो फाटणारच.

आणि कात्रीने कापल्यावर काठाला कानस मारली होती का? कात्रीचे बारीक दाते काठावर राहतात. चीर नेहमी तिथूनच सुरू होते.

---

ठोकाठोकी (धागालेखक)

कानस नाही मारली. "नंतर करू" म्हटलं होतं. 😑

---

धातुवेडा

धागालेखक, तुमचा कोयत्याचा गैरसमज फार जणांचा असतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. पेशाने मी धातुशास्त्राचा मास्तर आहे, त्यामुळे लांबण लागली तर माफ करा.

कोयता पोलादाचा असतो. त्यातला कार्बन हा सगळा खेळ करतो. लाल पोलाद झटकन थंड केलं की कार्बनला बाहेर पडायला सवड मिळत नाही, तो आत अडकतो आणि पोलाद कडक होतं. तांब्यात असा कार्बन नाही. त्यामुळे ते पाण्यात बुडवा नाहीतर उन्हात गार होऊ द्या, नरमपणा सारखाच. पाण्यात बुडवण्याचा फायदा वेगळाच आहे. एकतर वेळ वाचतो, आणि वरची काळी पापडी तडतडून निघून जाते. तिथे "पाणी देणं" म्हणजे कडक करणं, इथे नुसतं गार करणं. शब्द एकच असल्यामुळे घोळ होतो.

आता ठोकल्यावर धातू कडक का होतो? धातूच्या आत अणूंच्या रांगा असतात. ठोका बसला की या रांगा एकमेकींवरून सरकतात, म्हणूनच पत्रा वाकतो. पण सरकता सरकता त्या एकमेकींत अडकत जातात. गणपती विसर्जनाच्या गर्दीत पुढच्याने पाऊल टाकलं तरच मागच्याला टाकता येतं, तसंच काहीसं. पुढे पुढे कुणालाच हलायला जागा राहत नाही. तेवढ्यात आणखी ठोका बसला की सरकण्याऐवजी फट पडते. ताव दिला की नवे कण तयार होतात आणि गर्दी मोडते.

तांबं १०८५ अंशांना वितळतं. नरम व्हायला त्याच्या आसपासही जावं लागत नाही, ५०० ते ६०० अंश सेल्सिअस पुरे. खोलीतला दिवा बंद करून पाहिलं तर मंद लाली दिसते, तिथेच थांबा. भर उन्हात ताव देऊ नका. उजेडात लाली दिसते तेव्हा ताव जास्त झालेला असतो, कण मोठे होतात आणि वाकवलेल्या जागेचा पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत होतो.

---

कसबेकर

आजोबा तांबट होते, दुकान पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीत. मी स्वतः हातोडी फार धरलेली नाही, पण बालपण त्या आवाजातच गेलं. म्हणून एकच गोष्ट सांगते, ती कुठल्या व्हिडिओत मिळणार नाही.

पत्रा ऐका.

नरम तांब्यावर ठोका पडला की आवाज "थप" येतो, ओल्या मातीवर पडल्यासारखा. ठोकत गेलं की तो हळूहळू वर चढतो. आधी "टप", मग "टक" आणि शेवटी "टण्ण". आजोबा जेवायला बसलेले असायचे आणि बाहेर कारागीर ठोकत असायचा. आजोबा घास हातात धरून आतूनच ओरडायचे, "अरे, ताव दे त्याला!" लहानपणी वाटायचं, यांना भिंतीपलीकडचं कसं दिसतं? दिसत नव्हतं, ते आवाजावरून ओळखत होते. तुमचा फुटका आवाज आला तो शेवटचा. त्याआधी "टण्ण" बराच वेळ वाजत असणार.

आणि चुण्या ऐरणीवर दाबून बसवू नका. चुणी एकदा स्वतःवरच दुमडली की तिथे दोन पदर होतात, ते कधीच एकजीव होत नाहीत. चुणी लहान असतानाच तिला आकसवायचं असतं. तिच्या बंद टोकापासून सुरू करायचं, म्हणजे आतून काठाकडे, हलक्या हाताने. धातू एकमेकांत शिरून काठ जाड व्हायला हवा.

---

ठोकाठोकी (धागालेखक)

ताई, हे वाचून अंगावर काटा आला. "टण्ण" वाजत होतं खरं. मला वाटलं, काम पक्कं होतंय!

---

मिशिगनचा म्हादू

काका, इकडे हौशी लोकांचे गट असतात, जुन्या गाड्यांचे मडगार्ड हाताने करतात. मी त्यातला लिंबूटिंबू. इथल्या सगळ्यांनी पहिल्या दिवशी एकच सांगितलं की हातोडीचं तोंड आरशासारखं करा. हातोडीवर जो ओरखडा असेल तो प्रत्येक ठोक्याला पत्र्यावर छापला जातो. बाजारातून आणलेल्या हातोडीची धार कानसेने गोल केली, मग २२० पासून १२०० पर्यंत पॉलिश पेपर मारले. एक रविवार त्यात गेला, पण नंतर निम्मं काम वाचलं. त्या हातोडीने खिळा कधीच ठोकायचा नाही. घरच्यांपासून लपवून ठेवली आहे. 😀

तुमच्या चकतीच्या मापाबद्दल थोडं. खळग्यात ठोकून पत्रा ताणला की मधला भाग पातळ होतो. त्याऐवजी बाहेरून मेखेवर ठोकून काठ आवळत उचलला तर जाडी टिकते. मेख म्हणजे उभा पक्का केलेला गोल डोक्याचा दांडा. चकती त्यावर तिरकी धरायची. जिथे पत्रा मेखेला टेकतो त्याच्या जरासं पुढे, जिथे खाली फट आहे, तिथे ठोका द्यायचा. फट बुजेपर्यंत एक फेरा, मग सेंटीमीटरभर वर सरकून पुढचा. तळापासून काठाकडे.

---

डेंटरपुत्र

मेखेसाठी रुळाचा तुकडा बेस्ट. भंगारवाल्याकडे मिळून जातो.

---

सोसायटीचा सेक्रेटरी

दादा, जरा जपून. रुळाचा तुकडा भंगारात आला म्हणजे कुठून आला? रेल्वेच्या मालमत्तेच्या बेकायदा ताब्याबद्दल १९६६ चा कायदाच आहे. पावती नसेल तर वाडग्यापायी चौकीत जाऊन बसावं लागेल.

बाकी आमच्या इमारतीत असले एक गृहस्थ आहेत. रविवारी दुपारी दोन ते चार ठोकतात. तुम्ही तेच नसाल अशी आशा करतो.

---

ठोकाठोकी (धागालेखक)

सेक्रेटरीसाहेब, मी सकाळी दहा ते बाराच ठोकतो, त्यामुळे तो मी नव्हेच.

मेखेबद्दल एक युक्ती सुचली. मुलीचा शाळेतला गोळाफेकीचा गोळा घरात पडून आहे, ४ किलोचा. लोखंडी आहे आणि साधारण दहा सेंटीमीटर व्यासाचा. तीन इंची पाइपच्या तोंडावर बसवला तर घट्ट बसतो. पाइप ओंडक्यात ठोकून उभा करतोय. चालेल का?

---

मिशिगनचा म्हादू

चालेल म्हणजे काय, पळेल! फक्त त्याला सँडपेपर मारा. मैदानातले खडे बसून त्यावर खड्डे पडलेले असणार, ते सगळे वाडग्याच्या आत उमटतील. आणि वेल्डिंगच्या भानगडीत पडू नका. गोळा बिडाचा असेल तर वेल्ड तडकेल.

---

चकली

मुलीला विचारलंत का पण?

---

ठोकाठोकी (धागालेखक)

ती आता कॉलेजात बुद्धिबळ खेळते.

---

पत्रेवाली माई

मी कोल्हापूरची. आयटीआयला शीट मेटलचा ट्रेड केला, तेव्हा वर्गात मी एकटीच मुलगी. आता साठी ओलांडली. इथलं वाचून बरं वाटलं म्हणून पहिल्यांदाच लिहिते आहे.

चकतीच्या मापाचा आमच्या सरांचा ठोकताळा असा होता की तोंडाचा व्यास अधिक उंची. तुमचा वाडगा साडेसहा आणि उंची सव्वातीन, म्हणजे पावणेदहा. तुम्ही दहा घेतली ते बरोबरच. हिशोबाने बघायचं तर अर्ध्या गोलाच्या व्यासाला १.४१ ने गुणा, ९.२ येतात. उरलेला पाव ते अर्धा इंच काठ शेवटी कापून टाकायला असतो. म्हणजे तुमची चीर १४ मिमी असली तरी १० मिमी तशीही जाणारच होती. वाडगा मरत नाही. चिरेच्या आतल्या टोकाला दोन मिमीचं भोक पाडा म्हणजे ती पुढे धावणार नाही. मग ताव द्या आणि काम चालू ठेवा. शेवटी काठ कापताना भोकासकट काढा. वाडगा चारपाच मिमी उथळ होईल, एवढंच.

ताव कशावर देता ते लिहिलं नाही. बाजारातल्या छोट्या कॅनवरच्या टॉर्चने दहा इंची चकती लाल होणार नाही. तांबं उष्णता इतकी पळवतं की एका बाजूला तापवावं तर दुसरी बाजू हाताला चटका देते आणि लाल कुठेच होत नाही. कोळशाची शेगडी घ्या, वर जुना हेअर ड्रायर लावा, भात्याचं काम तो करतो. पण उघड्यावर. जिन्याच्या खोलीत दार लावून कोळसा पेटवू नका. त्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वास येत नाही, माणूस झोपल्यासारखा जातो.

---

बुलेटवाला बंड्या

हायजॅक करतोय, क्षमस्व. माझ्या बुलेटला ॲल्युमिनियमचं मडगार्ड करायचं आहे. हाच ताव चालेल ना? लाल होईपर्यंत?

---

पत्रेवाली माई

अजिबात नाही हो! ॲल्युमिनियम लाल होतच नाही. ६६० अंशांना वितळतं, आणि तोवर चेहऱ्यावर काही दाखवत नाही. आत्ता पत्रा होता, आत्ता थेंब. त्याला साबणाची खूण करायची. कपड्याचा साबण ओला करून पत्र्यावर रेघा ओढा आणि वाळू द्या. मग ज्योत लांबून सतत फिरवत ठेवा. रेघा तपकिरी होऊन काळपट झाल्या की झालं, बाजूला घ्या. अंदाजे ३५० ते ४०० अंश होतात.

आणि पत्रा कुठला ते बघून घ्या. नरम शुद्ध जातीचा घ्या. विमानाच्या वगैरे नावाने विकतात तो कडक मिश्रधातू वाकवताना काडकन मोडतो.

---

डेंटरपुत्र

बंड्याभाऊ, लोखंडी मडगार्ड केलंत तर माझ्याकडून एक टीप. ठोकून ठोकून पत्रा मधेच ताणला जातो आणि बोटाने दाबला की "टक" आत, सोडला की "टक" बाहेर. डब्याचं झाकण वाजतं तसं. याला आणखी ठोकून काही होत नाही, उलट वाढतं. रुपयाच्या नाण्याएवढी जागा टॉर्चने लाल करायची, खाली डॉली (हातात धरायचा लोखंडी ठोकळा) धरून भोवतालून चार हलके ठोके द्यायचे आणि ओल्या फडक्याने गार करायचं. पत्रा गोळा होऊन बसतो.

वडिलांना याचं कारण माहीत नव्हतं, पण हाताला बरोब्बर माहीत होतं. धातुवेडा सर सांगतील.

---

धातुवेडा

सोपं आहे. लाल ठिपका पसरायला बघतो, भोवतालचा गार पत्रा त्याला पसरू देत नाही. मग बाजूला जाता येत नाही म्हणून तो जाडीत फुगतो. गार होताना मात्र त्याला आकसायला कुणी अडवत नाही. प्रत्येक ठिपक्याला पत्रा थोडा थोडा आवळला जातो. बॉडीचा पत्रा कमी कार्बनचा असतो, म्हणून ओलं फडकं लावलं तरी कोयत्यासारखा कडक होत नाही.

एक इशारा मात्र सगळ्यांसाठी. जीआयचा पत्रा, म्हणजे जस्त चढवलेला, कधीही टॉर्चने लाल करू नका. जस्त ९०७ अंशांना उकळतं, त्याचा पांढरा धूर होतो. त्या क्षणी काही वाटत नाही, पण रात्री हुडहुडी भरून ताप येतो, अंग मोडून येतं. माझ्या एका विद्यार्थ्याला मलेरिया समजून उपचार सुरू झाले होते.

---

सोसायटीचा सेक्रेटरी

कानाचंही लिहा कुणीतरी. आठ तासांना ८५ डेसिबलच्या पुढचा आवाज कानाला बाधतो म्हणतात. बंद खोलीतला तांब्याचा ठोका त्याच्या वरच जाणार. माझी तक्रार फक्त शेजाऱ्यांसाठी नाही.

---

कसबेकर

खरं आहे. आजोबा पुढे पुढे ऐकू येत नाही म्हणायचे, पण ताव कधी द्यायचा ते शेवटपर्यंत ओळखत होते. आता वाटतं, तेव्हा आवाज नव्हे, ओसरीच्या फरशीतून पायाला कळत असेल. माहीत नाही.

ठोकाठोकी दादा, आकार झाला की सांगा. मग मठारायचं राहील. मठारकाम म्हणजे ते भांड्यावर चंद्रासारखे छोटे छोटे ठिपके असतात ना, ते. लोकांना नक्षी वाटते, पण त्याचं खरं काम वेगळं आहे. शेवटचा फेरा ताव न देता मारायचा असतो, म्हणजे भांडं कडक राहतं, हातात धरल्यावर चेपत नाही. इतका वेळ जो कडकपणा शत्रू होता, तोच शेवटी मुद्दाम आत ठेवायचा.

जमलं तर घरातली जुनी घागर किंवा बंब उजेडात धरून बघा. पोटावर करवतीच्या दातांसारखी पिवळी नागमोडी रेघ दिसेल. ती जोडाची. दोन काठांना दाते पाडून एकमेकांत गुंतवायचे आणि पितळेने झाळायचं. पाणी गळत नाही, जोड सुटत नाही. माझ्याकडच्या घागरीची रेघ मी लहानपणी बोटाने गिरवत बसायचे, साप म्हणून.

---

चकली

अय्या, आत्ता बघून आले. आहे! सासूबाईंच्या घागरीला आहे. गेली पंधरा वर्षं मी ती चिंचेने घासते आणि एकदाही दिसली नाही.

---

लुधियानाकर

मस्त चर्चा. इकडे अमृतसरजवळ जंडियाला गुरू म्हणून गाव आहे, तिथले ठठेरे हेच काम करतात. २०१४ मध्ये युनेस्कोने त्यांच्या कलेला वारशाच्या यादीत घेतलं. गेल्या हिवाळ्यात गेलो होतो, भट्टी जमिनीत खड्डा करून केलेली आणि कारागीर पायाने भांडं फिरवत होता. आपल्या तांबट आळीचं काय हो?

---

कसबेकर

आळी आहे अजून. यादीबिदीचं मला माहीत नाही. सकाळी अकराच्या सुमाराला जा, आवाज येईल त्या दिशेने चाला.

---

ठोकाठोकी (धागालेखक)

मंडळी, तीन आठवड्यांनी अहवाल घेऊन आलो आहे.

माईंनी सांगितलं तसं चिरेच्या टोकाला भोक पाडलं आणि सगळ्या काठाला कानस मारली. शेगडी गच्चीवर मांडली आणि संध्याकाळी सातनंतर ताव दिला. पहिल्यांदा लाली दिसली तेव्हा खरंच वाटलं नाही, इतकी फिकी. अंगारा विझता विझता असतो तेवढीच. सांडशीने उचलून बादलीत सोडली, "च्स्स्" आवाजासरशी काळी पापडी पाण्यात उतरली आणि खालून गुलाबी तांबं आलं. हातात घेतली तर चकती कणकेच्या पोळीसारखी लवत होती. चौथ्या फेऱ्यात हीच माझ्याशी भांडत होती यावर विश्वास बसेना. चिंच आणि मीठ लावून घासली, मग कामाला लागलो.

गोळा मेखेवर छान बसला. मुलीने येऊन दोन ठोके मारले, म्हणाली, "बाबा, हा माझ्या फेकण्यापेक्षा बरा वापर आहे." चुण्या आल्या, पण लहान असतानाच पकडल्या. एकूण सात ताव झाले. दर वेळी मी घड्याळाकडे न बघता आवाजाकडे कान ठेवून होतो, आणि खरं सांगू का, पाचव्या तावापर्यंत मला "थप" आणि "टप" मधला फरक कळतच नव्हता. सहाव्या वेळी मी आत चहा घ्यायला गेलो आणि मुलगी एकटीच ठोकत होती. चहा अर्धा असताना आवाज चढल्यासारखा वाटला. "थांब, ताव देऊ," म्हणून ओरडलो. ती म्हणाली, "तुम्हाला कसं कळलं?"

काठ कापला तेव्हा भोकासकट चीर गेली. तोंड सव्वासहा इंच आणि उंची तीन इंच भरली. तळ किंचित डगमगतो, टेबलावर ठेवला की एका बाजूला झुकून बसतो. मठारायला घेतला आहे, दोन ओळी झाल्या, ठिपके एका रेषेत येत नाहीत. कसबेकरताई, ते रेषेत कसे आणायचे?

---

कसबेकर

हात जागच्या जागी, भांडं फिरवायचं. हातोडी एकाच ठिकाणी पडली पाहिजे. आणि खालून वर नाही, तळाच्या मध्यापासून गोल गोल बाहेर.

खायला वापरणार असाल तर आधी आतून कल्हई करून घ्या. ताक, कोशिंबीर तर अजिबात नको त्याशिवाय. कल्हईवाला मिळाला तर पत्ता मलाही कळवा, आमच्या भागातला गेली दोन वर्षं फिरकला नाही.

---

चकली

पुभाप्र (पुढील भागाच्या प्रतीक्षेत). आणि फोटो कुठाय?